नरसीहून घुमानास

मनुष्याचें वय वाढत चाललें म्हणजे त्याच्या पायांतील बळ ओसरतें. जिभेवरील 'नाहीं' हा शब्द मात्र दिवसेंदिवस बळकट होत जातो, असा आमचा स्वतःविषयींचा अनुभव आहे. तिसांहून अधिक वर्षें आम्हीं शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. तेवढ्या अवधींत 'हें चुकलें, पुन्हा लिही' हें वाक्य किती सहस्र वेळां उच्चारलें असेल, त्याची गणती नाहीं. सेवानिवृत्तीबरोबर शाळा सुटली, पण वाक्य सुटलें नाहीं. तें घरांतील माणसांच्या वांट्यास आलें.

आमचें घर वसमतचें. हळदीच्या बाजारपेठेमुळें हें गांव दूरवर माहीत आहे. आमच्या वडिलांचें बालपण निजामाच्या राज्यांत गेलें, आमचें परभणी जिल्ह्यांत, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून आमचें म्हातारपण हिंगोली जिल्ह्यांत चाललें आहे. घर मात्र होतें तेथेंच आहे. धाकटे बंधू, त्यांचें कुटुंब, आमचीं मुलें-सुना मिळून चौदा पानें रोज एका पंगतीस बसतात. अशा घरांत लहानसहान गोष्टी ज्याच्या त्या ठरतात; मोठी गोष्ट निघाली म्हणजे सर्वांचे डोळे वडीलधाऱ्याकडे वळतात. तो मान सुखाचा वाटतो खरा, पण त्यांत जोखीमहि पुष्कळ असते.

गेल्या दिवाळींत अशीच एक मोठी गोष्ट निघाली. बंधूंची मुलगी चि. शारदा हिनें पुण्यास राहून पदवी घेतली व त्याबरोबर दोन वर्षें इटालियन भाषेचा अभ्यास केला. आतां तिला इटलींतील पेरुजा या गांवीं जाऊन एक वर्ष तीच भाषा शिकावयाची होती. परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन भाषा व संस्कृति शिकविण्यासाठींच तेथें एक विद्यापीठ आहे व त्याचा आरंभ १९२१ सालीं झाला, असें तिनें सांगितलें. बंधू म्हणाले, "दादा म्हणतील तें." दादांनीं, म्हणजे आम्हीं, विचारलें, "भाषा शिकावयाची तर पुस्तकें का थोडीं आहेत? आणि इटालियन शिकून या घरांत कोणाशीं बोलणार?"

शारदा उत्तरास तयार होती. लुइजी तेस्सितोरी या इटालियन पंडिताचा दाखला तिनें दिला. १८८७ सालीं उदिने गांवीं जन्मलेल्या या गृहस्थानें फ्लोरेन्सला असतांना वाल्मीकींचें रामायण व तुलसीदासांचें मानस यांची तुलना केली. पुढें १९१४ सालीं तो हिंदुस्थानांत आला, राजस्थानांतील चारणी वाङ्मयाच्या शोधांत वाळवंट तुडवीत हिंडला आणि १९१९ सालीं बिकानेर येथें वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं मरण पावला. "आप्पाकाका, त्याच्या घरीं तरी राजस्थानी बोलणारें कोण होतें?" असें तिनें विचारलें. आम्हीं म्हटलें, "तो बत्तिसाव्या वर्षीं मेला, हेंहि तूंच सांगितलेंस." हें वाक्य तोंडांतून गेलें आणि पंगत गप्प झाली. पाटावरून उठतांना, आपण वाईट बोललों हें आम्हांस कळलें होतें. परंतु कळणें आणि कबूल करणें या दोन निराळ्या विद्या आहेत.

कार्तिकी एकादशीस नरसीला जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ आहे. हिंगोलीपासून अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर कयाधू नदीच्या कांठीं हें गांव आहे. शके ११९२, म्हणजे १२७० सालच्या कार्तिक शुद्ध एकादशीस संत नामदेवांचा जन्म येथें झाला, असें आम्ही या भागांतील लोक परंपरेनें मानतों. वडील दामाशेटी, माता गोणाई, धंदा शिंप्याचा. पुढें त्यांचें आयुष्य पंढरपुरांत गेलें, पण नरसीचें नांव त्यांस जें चिकटलें तें कायमचें. नदीचें पात्र त्या दिवसांत रोडावलेलें असतें. कांठच्या रानांत तुरी उभ्या असतात, हरभरा नुकता वर आलेला असतो. दिंड्यांमागून दिंड्या येतात आणि पताकांच्या गर्दींत गांव दिसेनासें होतें.

नरसीहून आम्ही औंढ्यास गेलों. औंढा नागनाथ हें आपल्याकडे द्वादश ज्योतिर्लिंगांपैकीं मानतात. यादवकाळांतील काळ्या दगडाचें तें भव्य देऊळ, भिंतींवर मूर्तींच्या रांगा, आणि लिंग मात्र खालीं, जमिनीच्या पोटांत. अरुंद वाटेनें वांकून उतरावें लागतें. कितीहि मोठा मनुष्य असो, मान ताठ ठेवून त्या गाभाऱ्यांत कोणी उतरलेला नाहीं. याच क्षेत्रीं नामदेवांस विसोबा खेचर हे गुरु भेटले, अशी कथा आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनीं दोष दिला. तेव्हां 'जेथें देव नाहीं तेथें माझे पाय ठेव' असें ते म्हणाले आणि नामदेवांचा अहंकार गळाला. दुसरीहि एक कथा आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करूं लागले असतां पुजाऱ्यांनीं त्यांच्या जातीमुळें त्यांस तेथून उठविलें. ते मागल्या बाजूस जाऊन बसले, तों देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. ही कथा आम्हीं मुलांना वर्गांत कित्येकदां सांगितली आहे. सांगतांना पुजारी कोण होते, या प्रश्नावरून आम्ही नेहमीं झरझर पुढें जात असूं.

परततांना गाडींत शारदा म्हणाली, "आप्पाकाका, नामदेव पंजाबांत गेले, घुमानास राहिले, तिकडच्या बोलींत पदें करूं लागले. 'तेथील भाषा शिकून कोणाशीं बोलणार?' असें त्यांना कोणी विचारलें असेल का?"

आम्हीं म्हटलें, "ते संत होते. त्यांची गोष्ट वेगळी."

"मग एकदां घुमान पाहून या," ती शांतपणें म्हणाली, "आणि नंतर नाहीं म्हणा."

रात्रभर आम्हांस झोंप लागली नाहीं. आमचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तें कां गेलें नाहीं, हें घरांतहि कोणास ठाऊक नव्हतें. १९७४ सालीं मॅट्रिक झाल्यावर आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनीं काशींत व्याकरण शिकण्यासाठीं आमची सोय लावली होती. राहणें, जेवणें, गुरु, सर्व कांहीं ठरलें होतें. वडील म्हणाले, "काशी फार दूर. व्याकरण काय, येथेंहि होईल." ते रागानें बोलले नाहींत, काळजीनें बोलले. आम्ही गेलों नाहीं, आणि व्याकरण येथेंहि झालें नाहीं. पन्नास वर्षांनंतर तेंच वाक्य, केवळ गांवाचें नांव बदलून, आमच्या तोंडून निघालें होतें.

पौष लागतांच आम्ही निघालों. नांदेडहून अमृतसरास जाणारी सचखंड एक्सप्रेस सकाळीं सुटते व दोन हजार किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडून दुसऱ्या दिवशीं रात्रीं पोंचते. डब्यांत निम्मेअधिक प्रवासी हुजूर साहेबाच्या दर्शनाहून परतणारे पंजाबी होते. वाटेंतील स्टेशनांवर शीख मंडळी रोटी, भाजी, खिचडी घेऊन उभी असते व वाटेल त्याच्या भांड्यांत वाढते. जात नाहीं, तिकीट नाहीं, पैसा नाहीं. आमच्याजवळ घरच्या दशम्या होत्या, म्हणून पहिल्या स्टेशनावर आम्हीं 'नको' म्हटलें. शेजारची वृद्धा आपल्या भांड्यांतील खिचडी पुढें करून म्हणाली, "खाओ जी, गुरूका है." तिच्या आग्रहापुढें आमचें 'नाहीं' प्रथमच हरलें.

अमृतसराहून दुसऱ्या दिवशीं मेहता चौकाच्या वाटेनें मोटारीनें आम्ही घुमानास गेलों. हें गांव गुरदासपूर जिल्ह्यांत, बटाल्याच्या टापूंत आहे. चोहोंकडे हिरवागार गहू, मध्यें उंसाचे व मोहरीचे पट्टे, आणि त्यांवर दुपारपर्यंत न हटणारें धुकें. आमच्याकडे धुकें पडतें म्हणजे सकाळीं घटकाभर शोभा येते. तेथें धुकें पडतें म्हणजे जगच नाहींसें होतें. बैलांच्या घंटांऐवजीं ट्रॅक्टरचा आवाज येतो, मग दोन पिंवळे दिवे दिसतात, आणि अगदीं जवळ आल्यावर वर बसलेला फेट्याचा मनुष्य.

नांदेडच्या एका ओळखीच्या शीख दुकानदारानें चिठ्ठी दिली होती. तिच्या आधारानें एका शेतकऱ्याच्या घरीं आमची उतरण्याची सोय झाली. आम्ही नामदेवांच्या जन्मगांवच्या जिल्ह्यांतून आलों आहों, हें कळतांच घरची वृद्ध बीबीजी पुढें आली आणि हात जोडून म्हणाली, "बाबाजींच्या गांवचे!" घुमानांत नामदेव हे 'बाबा नामदेव' आहेत. आयुष्याचीं अखेरचीं पुष्कळ वर्षें ते तेथें राहिले व तेथेंच त्यांनीं देह ठेवला, असें पंजाबांत मानतात. आपण मात्र पंढरपुरास महाद्वारींच्या पायरीशीं, शके १२७२ म्हणजे १३५० सालीं, त्यांची समाधि मानतों. दोन गांवांनीं एका माणसाच्या मरणावर हक्क सांगावा, यावरून त्याचें जगणें दोन्हीकडे किती खोल रुजलें होतें तें दिसतें. त्या वादांत आम्ही पडलों नाहीं. २०१५ सालच्या एप्रिलांत अठ्ठ्याऐंशीवें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखालीं याच गांवीं भरलें होतें. त्या वेळच्या मराठी पाहुण्यांच्या आठवणी बीबीजींनीं आम्हांस हौसेनें सांगितल्या.

भाषा शिकविण्यास कोणी मिळेल का, असें विचारतां यजमानांनीं गांवांतील एका निवृत्त शिक्षकांकडे नेलें. वय आमच्याहून दोन वर्षांनीं अधिक. त्यांनीं आम्हांस 'मास्टरजी' म्हटलें, आम्हींहि त्यांस 'मास्टरजी' म्हटलें, आणि सहा आठवडे तेंच चाललें. पहिल्या दिवशीं त्यांनीं आमच्या हातीं पाटी व लेखणी दिली. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं अक्षर गिरवीत बसलेला मास्तर पाहण्यास गल्लींतील मुलें खिडकीशीं जमलीं. आम्हीं आयुष्यभर खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलांना रागें भरलों; आतां खिडकीबाहेरचीं मुलें आम्हांकडे पाहून हंसत होतीं.

गुरुमुखी लिपीचीं मूळ अक्षरें पस्तीस. म्हणून तिला 'पैंती' म्हणतात. आरंभीं तीन स्वरवाहक, मग स आणि ह, आणि त्यापुढें क, ख, ग, घ असा आपल्याच वर्णमालेचा क्रम. वर्गांची रचना पाहून आम्हांस ओळखीच्या घरांत शिरल्यासारखें वाटलें. ग, ट, ठ हीं तर जवळजवळ आपलींच. परंतु ओळखीच्या घरांतच ठेंच लागते. गुरुमुखींतील स आपल्या म सारखा दिसतो. तिसऱ्या दिवशीं लंगराच्या भिंतीवरील पाटी आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें 'मेवा' अशी वाचली आणि एका मुलास विचारलें, "मेवा कोठें वांटतात?" मुलगा पोट धरून हंसला. त्यानें आमच्या हातीं राखेचा बोळा दिला व उष्ट्या थाळ्यांच्या ढिगाकडे बोट केलें. पाटीवर 'सेवा' असें होतें! थंडीच्या पाण्यांत आम्हीं तासभर थाळ्या घांसल्या. घरीं स्वतःचें ताट आम्हीं कधीं उचललेलें नाहीं; हें वाचून आमच्या सौभाग्यवती हंसतील, आणि हंसावेंच.

लिपीहून उच्चार कठीण. मास्टरजी 'घोडा' म्हणत तेव्हां आमच्या कानीं 'कोडा' पडे. गांवाचें नांव लिहितात 'घुमाण', पण लोक म्हणत 'कुमाण', असें आम्हांस वाटे. आमच्यांतील शिक्षक जागा झाला. आम्हीं त्यांस म्हटलें, "मास्टरजी, घ हा महाप्राण आहे; तो छातींतून यावा." त्यांनीं रागावण्याऐवजीं आम्हांस डोळे मिटावयास सांगितलें व तीन शब्द सावकाश उच्चारले: कोडा म्हणजे चाबूक, घोडा म्हणजे अश्व, कोढा म्हणजे कुष्ठरोगी. तिन्हींत आरंभीं क सारखाच ध्वनि. परंतु पहिल्यांत सूर सपाट, दुसऱ्यांत खालीं बुडालेला, तिसऱ्यांत वर उचललेला. पंजाबीनें घ, झ, ढ, ध, भ यांचा महाप्राण सोडला, पण टाकून दिला नाहीं; त्याचा सूर केला. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांचे नियम आम्हीं बालपणीं पाठ केले होते. सुरानें शब्दाचा अर्थ बदलतो, हें पुस्तकांत वाचलें होतें. परंतु रोजच्या बोलण्यांत, भाजी घेतांना व गुरें हांकतांना तें करणारीं माणसें प्रथमच ऐकलीं. पाणिनि ज्या वायव्येकडील शलातुराचा, तो मुलूख येथून त्याच दिशेस, पण आतां सीमेपलीकडे आहे. काशी आम्हांस जें देणार होती त्यांतील एक दाणा धुक्यांतल्या या खेड्यांत पदरीं पडला. पन्नास वर्षें उशिरा पडला, तरी दाणा तो दाणाच.

घुमानचे दिवस भराभर गेले. लोहडीच्या रात्रीं दारोदार शेकोट्या पेटल्या. तीळ, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा अग्नींत टाकून लोक गाऊं लागले. दुसऱ्या दिवशीं माघी, म्हणजे आपली संक्रांत. तिळगूळ तेथेंहि आणि येथेंहि. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं बाबा नामदेवांची जत्रा सुरू झाली. दूरदूरच्या गांवांहून ट्रॅक्टरांवर माणसें आलीं. त्यांत छींबा समाजाचे लोक पुष्कळ. कापड छापणें, शिवणें हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा, आणि नामदेवांना ते आपल्या घरचे पुरुष मानतात. मक्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा व सरसोंची भाजी रोज मिळे. पंगत भुईवर, सर्वांची एक. आमच्या घरींहि पंगत भुईवरच बसते. पण तींत कोणी बसावें आणि कोणी बसूं नये, हें पिढ्यान् पिढ्या ठरलेलें असे, ही आठवण त्या तरटावर बसल्यावर झाल्यावांचून राहिली नाहीं.

चौथ्या आठवड्यांत मास्टरजींनीं नामदेवांचीं पदें काढलीं. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं आदिग्रंथ सिद्ध केला. त्यांत नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत. आम्हीं बोट ठेवून एकेक अक्षर जुळवूं लागलों. शब्दांच्या शेवटीं उकार दिसे, पण उच्चार होत नसे. मास्टरजींना त्याचें कारण सांगतां येईना. तें आम्हांस सांगतां आलें. अपभ्रंशांतील प्रथमेच्या एकवचनाची ही खूण. आपल्या ज्ञानेश्वरींतहि 'देवु', 'रामु' अशीं रूपें आहेत. हें ऐकून ते इतके हर्षले कीं त्यांनीं सुनेस हांक मारून दुधाचे पेले मागविले. त्या दिवशीं कोण गुरु आणि कोण शिष्य, हें सांगणें कठीण झालें. पुढें एका पदांत 'चै' हा प्रत्यय आला. मास्टरजी अडखळले; तो त्यांच्या भाषेंतला नव्हता. तो आमच्या 'च्या'चा सख्खा भाऊ होता! नरसीचा शिंपी पंजाबी लोकांसाठीं त्यांच्या वळणाचें गाऊं लागला, तरी षष्ठी विभक्ति बोलतां बोलतां घरचीच निघून गेली. परदेशीं कितीहि वर्षें राहिलें तरी भाषेंतून माणसाचें गांव डोकावतें, तें असें.

आणखी चार ओळी खालीं गेलों आणि एक शब्द आला. पहिलें अक्षर ब, त्यास दीर्घ ईकार, दुसरा ठ, अगदीं आपलाच, तिसरा ल. बीठल. आम्हीं तो पुन्हा वाचला. दोन हजार किलोमीटरांवर, अनोळखी लिपींत, धुक्यांत बसून, एक एक अक्षर जोडून विठ्ठल वाचावा आणि डोळे भरून येऊं नयेत, इतकी आमची विद्वत्ता कठोर नाहीं. मास्टरजींनीं खिडकीकडे तोंड फिरविलें व आम्हांस वेळ दिला.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं झाली. भैरव रागांतील एक पद त्यांनीं उघडलें व क्षणभर थांबून विचारलें, "मास्टरजी, हें राहूं द्यावें का?" आम्हीं कां म्हणून विचारलें. त्यांनीं पुस्तक आमच्याकडे सरकविलें. देवळांत भक्ति करीत असतां आपणांस धरून उठविलें, आपली जात हीन म्हणून बाहेर काढलें, मग आपण कांबळें उचलून मागें जाऊन बसलों आणि देऊळ आपल्याकडे फिरलें, हें सर्व नामदेव स्वतःच्या तोंडानें तेथें सांगतात. औंढ्याची जी कथा आम्ही झरझर सांगून पुढें जात असूं, तीच ही. परंतु आमच्या वर्गांत ती चमत्काराची कथा होती. येथें ती फिर्याद होती, आणि फिर्यादी स्वतः बोलत होता. आमचें वाचन सावकाश चाललें असल्यामुळें झरझर पुढें जाण्यास वाटच उरली नव्हती. हातांत बोट, बोटाखालीं अक्षर. उठविणारे कोण होते, या प्रश्नापाशीं थांबावें लागलें, आणि ते आमच्याच कुळाचे होते.

आम्हीं तें पद शेवटपर्यंत वाचलें. मग मास्टरजींस म्हटलें, "औंढ्याच्या देवळाच्या पायऱ्या आम्ही लहानपणापासून चढतों उतरतों. ही गोष्ट इतक्या स्पष्टपणें वाचावयास आम्हांस तुमच्या गांवीं यावें लागलें." ते म्हणाले, "बाबाजींनाहि सांगावयास येथें यावें लागलें." यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. अजून नाहीं.

एक गोष्ट तेथें वारंवार मनांत येई. नरसीहून निघालेली ही वाणी पंजाबांत राहिली, ग्रंथांत बसली. आणि १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं नांदेड येथें देह ठेवण्यापूर्वीं त्याच ग्रंथास गुरुपद दिलें. नांदेड म्हणजे आमच्या वसमतचा शेजार. गांवचा मुलगा परदेशीं जावा आणि साडेतीनशें वर्षांनीं गुरु होऊन वेशीपाशीं परत यावा, तसें हें झालें. आम्ही मात्र शेजारीं राहून त्या गुरूचें अक्षरहि वाचूं शकत नव्हतों.

मुक्काम संपत आला असतां यजमानांच्या गुऱ्हाळांत आम्ही बसलों होतों. यजमान गुळाच्या भेल्या मोजीत होते: "पंज, छे, सत्त, अट्ठ..." आमचे कान टंवकारले. दिवाळींत शारदा घरांतील पोरांना इटालियन अंक शिकवीत होती, "सेत्ते, ओत्तो." संस्कृत 'सप्त' व 'अष्ट' यांचें प्राकृतांत 'सत्त' व 'अट्ठ' झालें, मराठीनें त्यांचें 'सात' व 'आठ' केलें, पंजाबीनें जोडाक्षर जपलें. तिकडे लॅटिनमधील 'सेप्तेम्' व 'ओक्तो' यांचें इटालियनांत 'सेत्ते' व 'ओत्तो' झालें. संस्कृतास जशी प्राकृत, तशी लॅटिनास इटालियन. जीभ तीच, आळस तोच, नियमहि तोच. जी भाषा आम्हीं परकी म्हणून दारांत अडविली होती ती आमच्याच विद्येची चुलत बहीण निघाली. तिनें दारांतून आंत यावें कीं नाहीं, हें विचारणारे आम्ही कोण?

वसमतास परतल्यावर त्याच रात्रीं पंगतींत आम्हीं प्रथम काशीची हकीगत सांगितली. बंधूंनाहि ती नवीन होती. नंतर शारदेस म्हटलें, "दिवाळींत आम्ही जें बोललों तें चुकलें. पुन्हा लिहितों: तूं जा." ती कांहीं बोलली नाहीं, उठून आमच्या पायां पडली. बंधूंच्या मंडळींनीं डोळ्यांस पदर लावला आणि वाढतां वाढतां भात दुसऱ्यांदा आमच्याच पानांत वाढला. काळजी अर्थात् संपली नाहीं. पण काळजीला मुलीबरोबर पाठवितां येतें. तिला दारांत उंबऱ्यासारखी आडवी घालण्याचें कारण नाहीं.

पेरुजाहून शारदेचें पहिलें पत्र आलें आहे. गांव टेंकडीवर असून वाटा चढउताराच्या आहेत. घरमालकीण वृद्ध बाई रोज तिचे उच्चार सुधारते व जेवण कमी झाल्यास रागावते. जवळच असिसी गांव आहे. तेथील संत फ्रान्सिस हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. लॅटिन बाजूस ठेवून आपल्या प्रांताच्या बोलींत त्यानें देवाचें स्तोत्र रचलें, आणि १२२६ सालीं तो वारला. "आपल्या शिंप्याच्या चव्वेचाळीस वर्षें आधीं," असें शारदेनें पुढें लिहिलें आहे. पत्राच्या शेवटीं तिनें तीन ओळी इटालियनांत लिहून खालीं अर्थ दिला आहे. त्या बाईंनीं त्यांतील दोन चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या आहेत.

आमचेंहि एक पत्र काल घुमानहून परत आलें. मास्टरजींना आम्हीं गुरुमुखींत पहिलें पत्र लिहिलें होतें. उत्तराबरोबर त्यांनीं तेंहि परत पाठविलें असून त्यावर अकरा ठिकाणीं खुणा आहेत. पांच ठिकाणीं स च्या जागीं म पडला आहे. खालीं त्यांनीं लिहिलें आहे तें आम्हांस वाचतां आलें: हें चुकलें, पुन्हा लिहा.

लिहावयास बसलों आहों.